वल्ह्याला वाट द्या

पाण्यावर आधी आवाज पोचतो, मग बोट आणि सगळ्यांत शेवटी लाट. उलटवते ती लाट.

कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. एका बाजूला देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी, पलीकडे भोगवे. गेल्या डिसेंबरात तिथे मी कयाक घेऊन उतरले होते. सकाळचे साडेसात वाजले होते. भरती नुकतीच थांबलेली, पाणी स्थिर, कांदळवनाच्या कडेला फांदीवर एक खंड्या बसलेला. मग समुद्राच्या बाजूने घरघर ऐकू आली, बघता बघता ती कानठळ्या बसवू लागली आणि वळणावरून एक स्पीडबोट सुसाट आत शिरली. चालवणाऱ्याने मला पाहिलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. बोट पुढे गेली, खंड्या उडाला आणि पाच-सात सेकंदांनी लाटांची रांग आली. पहिली लाट मी पेलली, दुसरीने कयाक आडवी केली, तिसरीने मला पाण्यात टाकलं. अंगात लाइफ जॅकेट होतं, पाणी छातीइतकंच होतं, म्हणून निभावलं. बोटीवरच्या एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

माझ्या जागी दहा वर्षांचं पोर असतं तर? ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात वाकून तिसऱ्या वेचणारी बाई असती तर? या प्रश्नाचं उत्तर कुणी द्यायचं, तेवढंच मला आज विचारायचं आहे.

आधी साधा हिशोब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाची बोट एका सेकंदात ११ मीटर कापते. ती शंभर मीटरवर दिसली, तर नऊ सेकंदांत तुमच्यापाशी येते. वल्हं मारणारा माणूस जोर लावून ताशी पाच-सहा किलोमीटर जातो. म्हणजे त्याच नऊ सेकंदांत तो फार तर पंधरा मीटर सरकेल, आणि त्यातले दोन-तीन सेकंद होडीचं तोंड वळवण्यातच जातील. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून मीटरभरही उंच नसतं. दुसरीकडे, स्पीडबोट वेग घेऊ लागली की तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उठते आणि चालवणाऱ्याला नेमकं समोरचं पाणी दिसेनासं होतं. एकाला बाजूला व्हायला वेळ नाही, दुसऱ्याला समोरचा दिसत नाही. अशा दोघांना एकाच अरुंद खाडीत सोडून देणं हा निष्काळजीपणा आहे. त्याला दुसरं नाव नाही.

त्या दिवशी मला हात देऊन वर घेणारे होडीवाले काका सत्तरीचे होते. ओले कपडे पिळत मी चिडून बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाये, इंजान तेच्याकडे आसा मा? मगे थांबाचा पण तेनाच."

पाण्यावरची सगळी नीती या दोन वाक्यांत आली. मनगट जरा वळवलं की इंजिनाचा वेग निम्मा होतो. वल्हेकऱ्याच्या हातात असं काही नसतं. त्याच्याकडे दोन हात, पाठ आणि दम एवढंच असतं. वेग वाढवायची, कमी करायची, थांबायची मुभा ज्याच्याकडे आहे, दुसऱ्याच्या जिवाची काळजीही त्यानेच घ्यायची.

इंजिनवाले सांगतात, "आम्ही जवळ आल्यावर थोडं हळू करतो." या 'थोडं'मध्ये गोची आहे. सगळ्यांत मोठी लाट पूर्ण वेगातल्या बोटीची नसते. बोट वेग घेत असताना किंवा वेग कमी करत असताना, नाळ वर आणि मागचा भाग पाण्यात दबलेला असतो, तेव्हा ती उठते. म्हणजे होडीजवळ येऊन अर्धवट वेग कमी करणारा माणूस नेमकी मोठी लाट होडीच्या अंगावर सोडतो. वेग कमी करायचा तर लांबूनच करायला हवा आणि पुरता करायला हवा, मागे पांढरा फेस उरणार नाही इतका. आणखी एक गोष्ट. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते. म्हणून वीतभर उंचीची लाट आणि हातभर उंचीची लाट यांतला फरक नुसत्या डोळ्यांना वाटतो त्याहून फार मोठा असतो.

ही लाट होडी हलवून थांबत नाही, काठापर्यंत जाते. कांदळवनाची श्वसनमुळं ज्या चिखलात रोवलेली असतात, तो चिखल ती सुटा करून नेते. पाण्यात उभं राहून पाग टाकणाऱ्याचा तोल घालवते, कालवं काढणाऱ्या बायकांना खडकावर आपटते. गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या काठांवर खाजन शेती आहे. खारं पाणी बाहेर ठेवणारे मातीचे बांध आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारी मानस ही व्यवस्था तिथल्या गावकऱ्यांनी शतकानुशतकं जपली. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी हे बांध खचतात, ही तिथल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे. बार्ज निघून जाते, बांध फुटलेला राहतो, खारं पाणी शेतात शिरतं आणि ते पीक त्या वर्षी गेलंच. लाट उठवणारा आणि तिचं मोल देणारा अशी दोन वेगळी माणसं आहेत, म्हणून हे बिनदिक्कत चालू राहतं.

आता आवाजाबद्दल. आवाजाची तक्रार म्हणजे शहरी माणसांचे नाजूक कान, असं हिणवलं जातं. त्यांनी जरा पाण्याखालचा विचार करावा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात तो सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने, आणि दूरवर पोचतो. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दिसणारा डॉल्फिन आवाजाच्याच जोरावर जगतो. आवाज सोडायचा, त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून वाट शोधायची, मासा शोधायचा. त्याला 'दाखवण्यासाठी' चार बाजूंनी चार बोटी इंजिन ताणत धावतात, तेव्हा आपण त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधत असतो. शिवाय जुनी, कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक इंजिनं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालतात. त्यांच्यातलं पाव हिश्शापर्यंत इंधन न जळताच धुरासोबत बाहेर पडतं आणि पाण्यात जातं. सकाळी खाडीवर तरंगणारा इंद्रधनुषी तवंग सुंदर दिसतो. तो पेट्रोलचा आहे.

शांतता हीही कुणाची तरी रोजीरोटी असते, हे आपल्या लक्षात येत नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचतगटाच्या बायका वल्ह्यांच्या होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. २०१७ साली त्यांनी हे काम सुरू केलं. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्गातल्या किनारी जैवविविधता प्रकल्पाने त्यांना हात दिला. घर, मासळी आणि बाजार सांभाळणाऱ्या बायका हातात वल्हं घेऊन वाटाड्या झाल्या. चिप्पी कोणती, तिवर कोणतं, कोणत्या मुळाशी खेकडा राहतो, हे त्या सांगतात. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं, ती चिप्पी या खाड्यांमध्ये उभी आहे. अशा सफरीत गिऱ्हाईक कशाचे पैसे देतं? पक्षी न उडता जवळून दिसावा याचे, आणि वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज सोडून दुसरं काही ऐकू न येण्याचे. अशा खाडीत एक जेट-स्की शिरली की विकायला काही उरत नाही.

म्हणून कुणी 'स्थानिकांचा रोजगार' हा शब्द पुढे केला, की मी विचारते, कुठल्या स्थानिकाचा? स्पीडबोट चालवणारा पोरगा गावचाच आहे, हे खरं. कर्ज काढून बोट घेतलेली असते, हंगाम जेमतेम आठ महिन्यांचा, पावसाळ्यात धंदा बंद आणि हप्ते चालू. त्याच्यावर माझा राग नाही. पण वल्हं मारणारी बाईही गावचीच आहे. पाग टाकणारा गावचाच आहे. पर्यटनाचा रुपया ज्या पाण्यातून निघतो, त्या पाण्यावर दोघांचा सारखा हक्क आहे. आजची व्यवस्था मात्र ज्याचं इंजिन मोठं, त्याचं पाणी मोठं, एवढंच ओळखते.

इंजिन आणि वल्हं यांत फरक करायचा असतो, हे आपल्या कायद्याला नवीन नाही. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पारंपरिक बिगरयांत्रिक होडीला ती बंदी लागू होत नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी लहान मच्छीमारासाठी राखायचं आणि यांत्रिक नौकांनी खोल पाण्यात जायचं, ही त्यामागची भूमिका. त्याची अंमलबजावणी किती होते, पर्ससीनच्या जाळ्यांनी काय केलं, हा वेगळा लेख होईल. पण तत्त्व तेव्हाच मान्य झालं होतं. बलवानाने दुबळ्याच्या पाण्यात शिरायचं नाही. मासळीच्या बाबतीत जे चाळीस वर्षांपूर्वी कळलं, ते पर्यटनाच्या बाबतीत अजून का कळू नये?

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या जहाजाला आणि मासेमारी करणाऱ्याला वाट द्यायची, हे त्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. सतत नजर ठेवा, थांबता येईल एवढ्याच वेगाने जा, हेही लिहिलेलं आहे. पण कुणी कुणाला वाट द्यायची याच्या त्या यादीत वल्ह्याची होडी नाही. जगातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत हळू नौका त्या यादीतून सुटून गेली. आपल्याकडे १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आणि त्याने बिगरयांत्रिक नौकांचीही दखल घेतली. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले. मार्ग आखणाऱ्यांनी त्या मार्गांवर कडेकडेने चालणाऱ्यांचीही जागा आखायला हवी.

पाण्यावरचा वेग काय करतो, हे मुंबईने पाहिलं आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीत शंभराहून अधिक माणसं होती. तेराहून अधिक जीव गेले. भर दुपारी, मोकळ्या पाण्यात, प्रशिक्षित माणसांच्या हातून हे घडलं. मग चिंचोळ्या खाडीत, चार महिन्यांच्या अनुभवावर बोट चालवणाऱ्या पोराकडून आपण कोणता चमत्कार अपेक्षितो? त्या अपघातानंतर लाइफ जॅकेटवर जेवढं बोललं गेलं, तेवढं वेगावर बोललं गेलं नाही. जॅकेट बुडण्यापासून वाचवतं. धडकेपासून वाचवत नाही.

नौकानयनाच्या खेळाकडेही बघा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या पाण्याची वानवा असलेल्या गावातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये पोचला आणि एकेरी नौकानयनात तेरावा आला. त्या शर्यतीची नाव आठ मीटर लांब असते आणि तिचं वजन जेमतेम १४ किलो. नाविक जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो, त्याला समोरचं दिसतच नाही. अशा नावेला कुणा मौजी माणसाच्या बोटीची एक लाट पुरते. सैन्यातल्या नाविकांना पुण्यात सरावासाठी स्वतःचं पाणी आहे. धरणाकाठच्या गावातल्या पोरीला ते नाही. तिच्या वाट्याला पर्यटकांच्या बोटींनी ढवळलेला जलाशय येतो. त्यातून पुढचा दत्तू कसा घडणार?

आणि याच खेळात उत्तरही आहे. नाविकांसोबत जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या बोटीला इंजिनच असतं. पण त्यासाठी कॅटामरान पद्धतीच्या, दोन अरुंद तळांच्या, कमीत कमी लाट उठवणाऱ्या बोटी जगभर वापरल्या जातात. म्हणजे इंजिन आणि वल्हं शेजारी शेजारी चालू शकतात. वल्ह्याची काळजी घ्यायची असं इंजिनवाल्याने आधी ठरवलं, की तशी बोटही बनते. केरळात वैक्कमजवळ २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट चालते, कोचीत २०२३ पासून बॅटरीवर चालणारी वॉटर मेट्रो आहे. गोंगाट आणि धूर ही पाण्यावरच्या प्रवासाची अट राहिलेली नाही.

नियम केला की धंदा बुडतो, अशी भीती घातली जाते. इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या तळ्याचं, विंडरमियरचं उदाहरण घ्या. तिथे वेगाच्या बोटींचा आणि पाण्यावर स्कीइंग करणाऱ्यांचा मोठा बाजार होता. तिथे ताशी दहा सागरी मैलांची, म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटरची मर्यादा २००० साली मंजूर झाली आणि २००५ मध्ये लागू झाली. मधली पाच वर्षं धंदेवाल्यांना धंदा बदलण्यासाठी दिली होती. विरोध झाला, आरडाओरड झाली, मर्यादा टिकली. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तर सीमेवर हजाराहून अधिक तळ्यांचा एक प्रदेश आहे. तिथे १९७८ च्या कायद्याने बहुतेक तळी फक्त वल्ह्यांसाठी राखली आणि मोजक्या तळ्यांवर ठराविक अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनांना मुभा दिली. हे दोन्ही निर्णय घेताना बोटवाल्यांचा विचार झाला होता, आणि पाण्याचाही झाला होता.

वल्हेकऱ्यांनाही चार शब्द सुनावते, कारण चूक आमच्याकडूनही होते. खाडीच्या मधोमध घोळक्याने फोटो काढत थांबू नका. मधलं खोल पाणी मोठ्या बोटीला लागतं, तिला दुसरी वाट नसते. काठाने चला, ओलांडायचं तर सरळ आणि झटपट ओलांडा. गडद हिरवे-निळे कपडे पाण्यात दिसत नाहीत, भगवे-पिवळे घाला. शिट्टी गळ्यात आणि लाइफ जॅकेट अंगात हवं. अंधार पडायच्या आत परत या, नाहीतर दिवा जवळ ठेवा. लाट आली तर तिला कूस देऊ नका, टोक तिच्याकडे वळवा. हक्क मागणाऱ्याने आपली शिस्त आधी पाळावी.

मागणं फार नाही. अरुंद खाड्यांत आणि कांदळवनाच्या कडेला लाट-बंदीचा पट्टा आखा आणि तो पाण्यातच, रंगीत तरंगत्या पिंपांनी दाखवा. सूर्योदयापासून नऊपर्यंतचं खाडीचं पाणी वल्ह्यांसाठी ठेवा. जेट-स्की आणि बनाना राइड खुल्या समुद्रात न्या, नदीच्या पोटात नको. परवाना देताना बोट चालवणाऱ्याला एकदा होडीत बसवा आणि समोरून दुसऱ्याला बोट न्यायला सांगा. ती लाट एकदा अंगावर घेतली की वेगळं शिकवावं लागणार नाही. बोटीवर ठळक क्रमांक हवा, म्हणजे पळून गेलेल्याला गाठता येईल. यातल्या एकाही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. मेरीटाइम बोर्ड, गोव्याचं बंदर कप्तान कार्यालय, ग्रामपंचायत आणि बोटवाल्यांच्या संघटना एका टेबलाशी बसल्या तर दिवाळीच्या हंगामाआधी हे होऊ शकतं.

तोवर एक काम तुमच्याकडे. बोट कोण चालवतो यापेक्षा तिच्यात कोण बसलं आहे, यावर तिचा वेग ठरतो. "अजून जोरात घ्या" असं पर्यटकच ओरडतो, पैसे तोच मोजतो, म्हणून चालवणारा वेग वाढवतो. या सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात बोटीत बसाल, तेव्हा समोरचं पाणी बघत राहा. होडी दिसली, कयाक दिसली, पाण्यात वाकलेली बाई दिसली, की चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, "दादा, हळू घ्या. पुढे माणूस आहे."

तो हळू घेईल. गिऱ्हाइकाचं तो ऐकतो.